दुसरी पायरी

"बाळंतपणात उंची कमी झाली काय गं तुझी?"

एस्तर सिस्टरनी हे अगदी हळू विचारलं, पण मास्कच्या आत त्या हसताहेत हे डोळ्यांच्या कडांवरून कळत होतं. मी हात धुऊन, निर्जंतुक गाऊन आणि हातमोजे चढवून ऑपरेशन टेबलाशी उभी होते. टेबलावरच्या पेशंटचा गुडघा जवळजवळ माझ्या गळ्याशी आला होता. पायाखाली नेहमीची लोखंडी पायरी होती. आमच्यासारख्या बुटक्या माणसांसाठी थिएटरमध्ये ठेवतात ती, वर काळं रबर लावलेली. रजेवर जाण्याआधी याच पायरीवर उभं राहून मी कितीतरी वर्षं रुकडीकर सरांच्या हातात हत्यारं दिली होती.

"पायरी बदलली का?" मी विचारलं.

"पायरी तीच आहे. बंडूमामा, ह्यांना अजून एक द्या."

बंडूमामा आमचे थिएटर अटेंडंट. मी खाली उतरले, त्यांनी पहिल्या पायरीवर दुसरी बसवली, आणि मी दोन्ही हात छातीशी धरून, कशालाही न शिवता, देवळात चढावं तशी वर चढले.

"बघा, जोतिबाचा डोंगर दिसतोय का तिथनं," बंडूमामा म्हणाले.

एवढ्यात दार उघडलं, रुकडीकर सर आत आले आणि सगळे गप्प झाले.

मी दहा महिन्यांनी कामावर परतले होते. माझी मुलगी रेवा तेव्हा जेमतेम रांगत होती. आता ती नववीत आहे, माझ्यापेक्षा उंच आहे आणि तिची काळजी केलेली तिला चालत नाही. तेव्हा चालायची. ती झोपली की श्वास सुरू आहे ना, म्हणून मी तिच्या नाकाखाली बोट धरायची. सुरू असला की मग तो इतका भरभर का चाललाय याची काळजी करायची. नर्सिंगची पदवी घेतलेल्या बाईला हे शोभत नाही हे मला कळत होतं. पण जितकं शिकलेलं होतं तितके आजारही ठाऊक होते. शिंकली की न्यूमोनिया, हसली नाही की मेंदू.

थिएटर ही एकच जागा अशी होती जिथं माझं डोकं गप्प बसायचं. एकदा हात धुतले, की पुढं काय लागणार आहे एवढंच डोक्यात. सरांनी हात पुढं करायच्या आत त्यांना हवं ते त्यांच्या तळव्यावर पडलेलं असायचं. तिथं मी घाबरट नव्हते. जगात दुसरीकडे कुठंही मी अशी नव्हते, म्हणून मला ती जागा सोडायची नव्हती.

डॉक्टर वसंत रुकडीकर हे जयसिंगपूरपासून थेट सीमाभागापर्यंतच्या गुडघ्यांचे डॉक्टर. चांगले उंच, ताठ, आणि थिएटरात अतिशय कडक. टेबलाची उंची ते ठरवणार. बाकीच्यांनी आपापलं बघायचं. हत्यारांची ट्रॉली माझ्या मागं असायची, कारण ती नेहमीच तिथं असायची. बोलायचं नाही, टेकायचं नाही, बसायचं तर नाहीच. एकदा एका डॉक्टरनं भिंतीला पाठ लावली तेव्हा सर मान न वळवता म्हणाले होते, "माझ्या थिएटरमध्ये पाठ टेकायचा हक्क फक्त पेशंटला आहे." याला अपवाद एकच, भूल देणाऱ्या शहापुरे मॅडम. त्या पेशंटच्या डोक्याशी स्टुलावर बसत. ते स्टूल त्यांनी घरून आणलं होतं आणि त्यावर कुणी काही बोलायच्या आत त्या स्वतःच बोलायच्या.

तर मी दोन पायऱ्यांवर. वरची पायरी अरुंद, पाय हलवायला जागा नाही. ट्रॉली मागं आणि खाली. हत्यार घ्यायचं तर कमरेतून पीळ मारून वाकायचं, आणि द्यायचं तर तसंच वळून वर. आडातून पाणी शेंदतात ना, तसं. फरक इतकाच की माझ्या बादलीत लोखंड असायचं. पहिला आठवडा गेला. दुसऱ्या आठवड्यात कमरेच्या जरा वर, डाव्या बाजूला, एक बारीक कळ येऊन बसली. तिसऱ्या आठवड्यात ती तिथंच राहायला आली.

एक दिवस संध्याकाळी घरी आले. रेवा एका हातानं कपाट धरून, दुसरा हात वर करून उभी. मी वाकले आणि अर्ध्यावरच थांबले. पुढं जाता येईना, मागं येता येईना. शेवटी तशीच जमिनीवर बसले आणि तिला म्हटलं, ये, चढ माझ्या अंगावर. तिला तो खेळ वाटला. माझ्या सासूबाईंना तो खेळ वाटला नाही. त्यांना मी आत्या म्हणते.

"बाळंतपणाची पाठ आहे ही," आत्या म्हणाल्या. "शेक घे म्हटलं तर पुस्तक वाचत बसायचीस. डिंकाचे लाडू केले ते निम्मे नवऱ्याला घातलेस."

"त्यांना आवडतात."

"त्याला कुठं बाळ झालं होतं?"

खरं तर मलाही तसंच वाटत होतं. लाडवांचं नव्हे, पाठीचं. माझ्यात काहीतरी ढिलं झालंय, जे पूर्वी होतं ते आता नाही. तीच पायरी, तेच टेबल, तेच सर, मग बदललं काय? मीच.

दोन दिवसांनी एस्तर सिस्टरनी मला सामानाच्या खोलीत पकडलं. मी दोन कपाटांच्या फटीत पाठ घालून उभी होते.

"किती दिवस चाललंय?"

"काय?"

"माने, मी चर्चमध्ये सोडून कुठंही खोटं ऐकून घेत नाही."

एस्तर बनसोडे मिरजेच्या. थिएटरच्या प्रमुख. त्यांच्या आईही नर्स आणि आजीही. साठीला आल्या होत्या आणि सकाळी सगळ्यांच्या आधी त्यांच्या चपला दाराशी असायच्या. त्यांच्यापुढं मी पाठ दुखते असं कुठल्या तोंडानं सांगणार होते? तरी सांगितलं.

त्यांनी ऐकलं आणि मग अगदी मायेनं म्हणाल्या, "लसीकरणाला जागा आहे. खुर्ची आहे, पंखा आहे, दुपारी घरी."

"मला नको."

"गुरुवारी दोन्ही गुडघ्यांची केस आहे. एकाच वेळी दोन्ही. तू शेवटपर्यंत नीट उभी राहिलीस तर मी हा विषय काढणार नाही. नाही राहिलीस तर एक तारखेपासून लसीकरण. ऑपरेशनच्या मधेच तुझी पाठ धरली तर पेशंटचं काय, ते तूच सांग."

त्यांचं बरोबर होतं.

घरी सांगितलं तर आत्यांचा चेहरा उजळला. "दुपारी घरी? म्हणजे पोरीला आई मिळेल आणि मला माझी मालिका."

"दिवसभर रडणारी बाळं टोचायची आणि घरी येऊन परत बाळ," मी म्हटलं.

"आपलं कुठं एवढं रडतं," आत्या म्हणाल्या. त्यावर रेवानं लगेच रडायला सुरुवात केली.

गुरुवारी पेशंट आत आले ते बोलतच. नाईकवडी सर. गावातल्या हायस्कूलचे निवृत्त पी.टी.चे मास्तर. अर्ध्या जयसिंगपूरला त्यांनी मैदानाभोवती पळवलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्याला उठाबशा काढायला लावल्या होत्या. पांढऱ्या, टोकदार मिशा, आणि आवाज असा की शिट्टीची गरज लागली नसणार.

"स्ट्रेचर कशाला? मी चालत आलो असतो," ते बंडूमामांना सांगत होते. "पण मग गुडघे बदलायला कशाला आलो असतो, हाही प्रश्न आहे."

शहापुरे मॅडमनी कमरेत भूल दिली. कमरेखालचं सगळं बधिर, वरचं जागं. छातीच्या पुढं हिरवा पडदा आडवा बांधला, म्हणजे पेशंटला ऑपरेशन दिसू नये.

"झोपेचं औषध देऊ का थोडं?" मॅडमनी विचारलं.

"नको. माझं काय करताहेत ते मला ऐकायचंय."

रुकडीकर सर आत आले. बंडूमामा टेबलाच्या पायडलवर पाय ठेवून उभे. सरांनी तळवा वर केला, मामांनी पायडल दाबलं, तळवा अजून वर, अजून एकदा. मी दोन पायऱ्यांवर चढले, तरी हात वर करावे लागतच होते.

"वसंता, तूच का?" पडद्यापलीकडून आवाज आला.

थिएटरमध्ये रुकडीकर सरांना वसंता म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच ऐकत होते. सर किंचित सैल झाले, म्हणजे त्यांच्या मानानं. "होय सर. तुम्ही आता शांत पडून राहा."

"पडलोच आहे. दुसरं काय करणार?"

उजव्या गुडघ्याला सुरुवात झाली. गुडघा बदलणं हे डॉक्टरकीपेक्षा सुतारकामाच्या जवळचं काम आहे. करवत, ड्रिल, हातोडी, साचे. मदतनीस डॉक्टर मगदूम पाय धरून उभे. मी पीळ मारून घ्यायची आणि वळून द्यायची, घ्यायची आणि द्यायची. कळ सुरुवातीपासूनच हजर होती. मी दात दाबून तिच्याशी बोलत होते, की बाई, आज एवढा एक दिवस.

"शेजारी कुणी कपाट करतंय काय?" नाईकवडी सरांनी विचारलं.

"नाही, तुमचंच आहे ते," शहापुरे मॅडम म्हणाल्या.

"बरं." मग जरा वेळानं, "मॅडम, मला इथनं तीन डोकी दिसतात. एक वसंताचं, एक ह्या पोराचं आणि एक ह्या बाईंचं. ह्या बाई बऱ्याच उंच दिसतात."

"त्या दोन पायऱ्यांवर उभ्या आहेत."

"का? त्यांना काय बघायचंय?"

मगदूमांच्या मास्कमधून फस्स असा आवाज आला. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तो आवाज पुन्हा आला नाही.

उजवा गुडघा झाला. टाके पडले, पट्टी बांधली. डाव्याची तयारी सुरू झाली. "माने, चादर," सर म्हणाले. मी ट्रॉलीकडे वळले, म्हणजे वळायला गेले. कमरेत काहीतरी खट्‌कन अडकलं. मी अर्धी वळलेली, एक हात पुढं, तशीच थांबले. एस्तर सिस्टर पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. त्यांनी फक्त पापण्या एकदा मिटल्या. मला त्या पापण्यांत एक तारीख दिसली, आणि लसीकरणाचा तो पंखा.

"माने?" सर म्हणाले.

आणि नेमका तेव्हाच पडद्यामागून आवाज आला. "वसंता, तू शाळेत असताना असा उभा राहत नव्हतास."

"सर, बोलू नका."

"तुझी मान हलत नाही. मघापासून बघतोय मी. तू खाली बघतोस ते नुसते डोळे खाली घालून. मान तिथंच. खांदे तर कानाला लागलेत."

"लाईट डोळ्यावर येतोय सर तुमच्या. त्यानं तसं वाटत असेल."

"पी.टी.च्या मास्तरला वाटत नसतं. दिसतं."

मी सरांकडे पाहिलं. नीट, चेहऱ्याकडे. इतकी वर्षं मी त्यांच्या हातांकडे बघत आले होते, कारण माझं काम हातांशी होतं. आता पाहिलं तर खरंच मान एखाद्या खांबासारखी. खालचं बघायचं तर ते पाठीतून किंचित मागं रेलत आणि नजर तेवढी खाली सोडत. असं बघायचं तर समोरची वस्तू उंच हवी. छातीशी हवी. टेबल वर हवं.

टेबल.

मी रजेवर गेले तेव्हा मला एक पायरी लागायची. परत आले तेव्हा दोन. मधल्या दिवसांत बाकीचे सगळे रोज इथंच होते, म्हणून कुणाला काही दिसलं नव्हतं. घरातल्या माणसांना मूल वाढताना दिसत नाही, पाहुण्यांना दिसतं, तसं.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "सर, टेबल वर गेलंय."

थिएटरमध्ये रुकडीकर सरांसमोर मी न विचारता उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं. आणि हे वाक्य चुकलं तर लसीकरणसुद्धा मिळणार नव्हतं.

"टेबल जिथं असतं तिथंच आहे," सर म्हणाले.

"नाही सर. मी गेले तेव्हा एका पायरीवर उभी राहायचे. आता दोनवर आहे आणि तरी हात वर करून देतेय. माझी उंची तीच आहे. मी तीच आहे."

सरांनी बंडूमामांकडे पाहिलं. बंडूमामांनी आधी छताकडे पाहिलं, मग पायडलकडे.

"मामा?"

"सर, तुमीच सांगताय की दर खेपेला. अजून एक द्या, अजून एक द्या. पहिल्यांदा एवढं नव्हतं. दिवाळीनंतर वाढत गेलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या थेटरात बोलायचं नसतंय," बंडूमामा म्हणाले.

पडद्यामागून नाईकवडी सर खो खो हसले. पोट हललं तसा हिरवा पडदा हलला, आणि शहापुरे मॅडम म्हणाल्या, "हसू नका, माझ्या मशीनला काळजी वाटते."

सरांनी मोजे घातलेले हात छातीशी धरले. मग मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी साध्या आवाजात म्हणाले, "गाडीत पट्टा आहे. मानेचा. रोज गेटपाशी आलो की काढून ठेवतो."

"का?" नाईकवडी सरांनी विचारलं.

"हाडाच्या डॉक्टरचीच मान धरलीय म्हटल्यावर त्याच्याकडे गुडघे कोण देईल सर?"

"मी दिलेत की. दोन्ही."

एस्तर सिस्टर ताठ उभ्या राहून, प्रार्थनेला उभं राहावं तशा, म्हणाल्या, "आता विषय निघालाच आहे तर सांगते. माझ्या दोन्ही पोटऱ्यांना पट्ट्या बांधलेल्या आहेत. शिरा फुगतात. चार वर्षं झाली."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सकाळी सगळ्यांच्या आधी यायच्या त्या याचसाठी. आम्ही यायच्या आत पट्ट्या बांधून व्हायला हव्यात म्हणून.

"मगदूम?" सरांनी विचारलं.

"पाय धरून धरून मनगट जातं सर," मगदूम म्हणाले. "घरी बायकोला डबा उघडायला सांगतो. फार लागतं मनाला."

"बंडूमामा?"

"माझं सगळंच दुखतंय," बंडूमामा म्हणाले. "पण मला वाटलं ते वयानं."

"मॅडम?"

"माझं काही दुखत नाही," शहापुरे मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही बसता," एस्तर सिस्टर जरा फणकाऱ्यानं म्हणाल्या.

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

म्हणजे त्या अख्ख्या खोलीत, मॅडम सोडल्या तर, न दुखणारा माणूस एकच होता, आणि त्याचाच गुडघा आम्ही कापला होता. बाकी प्रत्येकजण आपलं दुखणं गाऊनच्या आत घालून, ते फक्त आपल्यालाच आहे असं समजून, शेजाऱ्यापासून लपवत उभा होता. मी तर ते बाळंतपणावर ढकललं होतं.

"वेळ किती आहे?" नाईकवडी सरांनी विचारलं.

"भूल भरपूर आहे," मॅडम म्हणाल्या. "उजवा बंद झालाय, डाव्याला हात लावलेला नाही. थांबायला हरकत नाही."

"मग थांबा. मला सांगा, तुम्हाला हात कुठं कुठं नेता येतात?"

एस्तर सिस्टरनी सांगितलं, "छातीच्या समोर. खांद्याच्या वर नाही, कमरेच्या खाली नाही, पाठीमागं नाही. कशाला शिवायचं नाही."

"म्हणजे व्यायामाला काही उपयोग नाही अशा ठिकाणी. बरं. हात तिथंच राहू देत. त्या पायऱ्यांवरच्या बाई, आधी खाली या."

मी उतरले. हळू, एकेक. मघा अडकलेलं अजून सुटलं नव्हतं.

"सगळे. वसंता, तूसुद्धा, तू आधी. खांदे कानापर्यंत वर. अजून. धरून ठेव. आता सोड. सोड म्हणजे टाकून दे, ठेवू नकोस. परत." आवाज मैदानावरचा होता, फक्त तो आडवा पडून येत होता. "हनुवटी आत. मान लांब. टाचा वर, टाचा खाली. एका पायावरून दुसऱ्या पायावर. डुला जरा. लाजायचं काय त्यात, मला तर फक्त डोकी दिसताहेत."

आणि रुकडीकर सरांचं थिएटर डुललं. हिरव्या कपड्यांतली माणसं, हात छातीशी धरून, डावीकडे, उजवीकडे. एस्तर सिस्टर इतक्या तालात डुलत होत्या की चर्चच्या गायनमंडळात त्या उगाच नव्हत्या हे कळलं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला माझ्या कमरेत पुन्हा खट्‌ झालं, आणि जे अडकलं होतं ते सुटलं. मी दीर्घ श्वास सोडला. मास्कमुळे तो माझ्याच चष्म्यावर बसला.

"माझे पाय काय करताहेत?" नाईकवडी सरांनी विचारलं.

"सर, तुमचे पाय भुलीत आहेत."

"ते ठाऊक आहे. सावधानमध्ये आहेत की विश्राममध्ये?"

मगदूमांनी वाकून पाहिलं. "विश्राम, सर."

"असू दे. आज त्यांना माफ."

मग रुकडीकर सर म्हणाले, "मामा, टेबल खाली घ्या." मामांनी खाली घ्यायचं पायडल दाबलं. सर टेबलाकडे बघत नव्हते. ते एकेकाच्या कोपराकडे बघत होते, मगदूमांच्या, एस्तर सिस्टरच्या, माझ्या. "माने, तुम्हाला किती हवं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. "एक पायरी राहू दे सर. तेवढी माझी आहे."

"एवढं झालंच आहे तर ट्रॉली पण पुढं घ्या," एस्तर सिस्टर म्हणाल्या. "मागं का ठेवली होती कोण जाणे."

"मी ठेवली होती," सर म्हणाले. "पहिल्या दिवशी. तेव्हा थिएटर छोटं होतं."

"आणि तुझ्या मानेचं काय? टेबल खाली गेलं, आता तू कसं बघणार?" नाईकवडी सर सोडायला तयार नव्हते.

सरांनी मगदूमांकडे पाहिलं. मग म्हणाले, "वाकून बघायचं काम मगदूम करतील. मी शेजारी उभा राहतो. दर टप्प्याला थांबायचं, खांदे सोडायचे, मग पुढं. सर, तुम्हाला चालेल?"

"ह्या पोराला शिकवलं कुणी?"

"मी."

"मग विचारतोस काय?"

डावा गुडघा मगदूमांनी केला. सर शेजारून अगदी थोडक्यात सांगत होते, आणि प्रत्येक टप्प्याला पडद्यामागून आवाज यायचा, "खांदे." सगळे खांदे वर जायचे आणि खाली पडायचे. ट्रॉली माझ्यासमोर होती. पीळ नाही, शेंदणं नाही. मगदूमांनी हात पुढं करायच्या आत त्यांच्या तळव्यावर हवं ते पडत होतं. मधेच कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी कळेशी बोलायचं विसरले आहे. शेवटचा टाका पडला तेव्हाही मी माझ्या जागेवर उभी होते.

कपडे बदलताना एस्तर सिस्टरनी पोटरीची पट्टी सगळ्यांसमोर सोडली आणि परत गुंडाळायला माझ्या हातात दिली. लसीकरणाबद्दल एक अक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं आणि हो म्हणाल्या तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी नाईकवडी सरांना पहिल्यांदा उभं करायचं होतं. मी ड्युटीवर जाता जाता वॉर्डात डोकावले. ते वॉकर धरून पलंगाच्या कडेला बसले होते आणि उठायला साफ नकार देत होते. समोर रुकडीकर सर होते, आणि त्यांच्या गळ्यात पांढरा पट्टा होता. सगळ्या वॉर्डासमोर.

"आधी तू," नाईकवडी सर सांगत होते. "पट्टा काढ. मान उजवीकडे. जेवढी जाते तेवढीच. हां. आता डावीकडे."

सरांनी पट्टा काढला आणि मान वळवली. शेजारच्या कॉटवरच्या आजींना वाटलं, हे सगळ्यांसाठीच आहे. त्यांनीही वळवली. मग पलीकडच्या कॉटवरच्यांनी. सरांची मान जिथं अडली, तिथं त्यांची नजर माझ्यावर पडली. मला वाटलं ते कडक होतील. ते म्हणाले, "माने, तुम्हाला बघून आठवलं. त्या ट्रॉलीची उंचीही बदलते का, बघा बरं. स्क्रू असतात खाली."

"बघते सर."

मी वळले तर दारात एस्तर सिस्टर. "तू इथं काय करतेस? हात धुवायला चल. हिपची केस आहे, जड ट्रे आहेत, मला तूच हवीस."

मी त्यांच्या मागून निघाले. जिन्यापाशी मला राहवलं नाही. "सिस्टर, एक तारखेचं काय?"

"काय एक तारखेचं?"

"लसीकरण."

"तिकडं त्या वॉर्डातल्या नव्या मुलीला पाठवलं. तिला बाळं आवडतात."

"मलाही आवडतात," मी म्हटलं.

एस्तर सिस्टर जिना चढता चढता थांबल्या, कठड्याला धरून त्यांनी आधी एक टाच वर केली, मग दुसरी, आणि म्हणाल्या, "आवडतात ना, मग घरी आहे की एक. इथं काम कर."